'एकच घे' म्हणणाऱ्यांच्यात जाताना

दारू सोडून सात महिने झालेत. सुट्टीत सगळे मोठ्या भावाकडे जमणार. गेलो तर 'एकच घे रे, आमच्यासाठी' सुरू होणार, नाही गेलो तर भाऊ दुखावणार. काय करू, असं तुम्ही विचारलंय.

यंदा गेला नाहीत तरी चालेल. तुम्ही त्याला पळपुटेपणा म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. खपली नुकतीच धरलीय, तिला जपायलाच हवं. भावाची समजूत नंतरही काढता येईल.

जाणार असाल तर उपाशीपोटी जाऊ नका. भूक, थकवा, चिडचिड असली की तल्लफ जास्त छळते. पोचल्या पोचल्या आपला ग्लास आपल्या हाताने पाण्याने नाहीतर सोड्याने भरून घ्या. रिकामा हात दिसला की आग्रह होतो. ग्लास कुठे ठेवून उठलात, तर परत आल्यावर तो उचलू नका, नवा घ्या. आणि 'नको, मी घेत नाही' एवढंच म्हणा. 'गोळ्या चालू आहेत' म्हणालात की कसल्या, कधी संपणार, अशी चौकशी सुरू होते आणि तुम्ही अडकता.

तल्लफ आलीच तर उठून बाहेर जा. ती बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ फोनवर काढायचा. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात एकटा होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, शेजारीच बार. त्याने फोन उचलला आणि दारूशी झगडणारं कुणीतरी भेटावं म्हणून एकामागून एक नंबर फिरवले. दुसऱ्या दिवशी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली ती या दोघांमुळे. तुम्ही कुणाला फोन करणार, ते निघण्याआधी ठरवा आणि त्या माणसाला तसं सांगूनही ठेवा.

घोट गेलाच, तर तिथेच थांबा. सात महिन्यांत शरीराची सवय मोडलीय, पूर्वीइतकी घेतलीत तर जिवावर बेतू शकतं. सकाळची वाट न बघता तेव्हाच फोन करा.

मागच्या वेळी वहिनींनी तुमच्यासमोरचा ग्लास काही न बोलता उचलून आत नेला, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. त्यांच्याशी आजच बोला.