सात किलोंचा काटा सगळ्यांना सारखा हवा

प्रश्न : मी इंदूरहून पुण्याला मुलीकडे निघाले होते. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून हातातल्या बॅगेत डिंकाचे लाडू, माझी औषधं आणि सराफ्यातली शेव होती. काउंटरवर मोठी बॅग दिली तेव्हा हातातलीकडे कुणी बघितलंही नाही. विमानात चढायच्या रांगेत मात्र मला बाजूला घेतलं, बॅग काट्यावर ठेवली, आठ किलो दोनशे भरली. ‘पैसे भरा, नाहीतर सामान काढा,’ म्हणाले. माझ्या पुढच्या तरुणाच्या पाठीवर भलीमोठी सॅक आणि हातात वेगळी पिशवी होती, त्याला कुणी हटकलं नाही. मी पैसे भरले. हा कुठला न्याय?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, तिकिटावर सात किलो लिहिलं होतं आणि तुमची बॅग त्याहून जड होती. त्यामुळे भरलेले पैसे परत मिळतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. पण तुमच्यावर अन्याय झाला, हे मला अगदी मान्य आहे. मी या शहरात बरीच वर्षं तिकिटं काढून देण्याचं काम केलं. असे प्रवासी परत आले की माझ्याच टेबलासमोर बसून सांगत, म्हणून या गोष्टीचा मला मनापासून राग आहे.

इथे दोन नियम आहेत आणि ते दोघांचे आहेत. हातात एकच बॅग हा नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोचा. तपासणीच्या यंत्राशी गर्दी होऊ नये म्हणून तो केला, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो काटेकोर पाळायला पुन्हा बजावलं गेलं. बायकांची पर्स त्यातून वगळलेली आहे. सात किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर हे मात्र विमान कंपन्यांचं. सुरक्षा तपासणीला उभे असलेले जवान तुमच्या बॅगेचं वजन करत नाहीत, ते त्यांचं कामच नव्हे.

सात किलोंना कारणही आहे. वरच्या कप्प्यावर किती भार टाकायचा याला मर्यादा असते, आणि जड बॅग खाली कुणाच्या डोक्यावर पडली तर इजा होते. एटीआर ७२ सारख्या पंख्यांच्या विमानात तर ते कप्पेच लहान. पण तुमच्या एक किलो दोनशे ग्रॅमनी विमान जड होतं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. प्रवाशांना काट्यावर उभं करत नाहीत, त्यांचं सरासरी वजन धरूनच हिशेब करतात.

मग कारण खरं असेल तर ते त्या तरुणाच्या सॅकलाही लागू आहे. माझ्या पाहण्यात चाकांची बॅग ओढत येणारी, त्यातून एकटी आणि वयस्क बाई चटकन अडवली जाते. पाठीवरची सॅक अंगाला चिकटलेली असते, ती वजनदार वाटत नाही. शिवाय तरुण मुलगा वाद घालेल अशी धास्ती असते. कुणी मुद्दाम ठरवून करत असेल असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच होतो.

त्याहून मला खटकते ती वेळ. काउंटरवर सांगितलं असतं तर तुम्ही लाडूंचा डबा मोठ्या बॅगेत सरकवला असता. तिला पंधरा किलो असतात, त्यात जागा असती तर एक पैसा लागला नसता. दारात पोहोचल्यावर मोठी बॅग निघून गेलेली, मागे रांग, विमान सुटायच्या बेतात. तिथे माणूस पैसे भरतो कारण त्याला दुसरी वाटच नसते. वजन करायचंच तर काउंटरवर करा आणि सगळ्यांचं करा, एवढंच माझं मागणं आहे.

दारात वसुली करण्यामागे कधी काय असतं तेही सांगते. अमेरिकेत सिनेटच्या उपसमितीचा अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. फ्रंटियर आणि स्पिरिट या दोन कंपन्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत, नियमात न बसणाऱ्या बॅगा पकडून देण्याबद्दल कर्मचारी व इतरांना मिळून २ कोटी ६० लाख डॉलर वाटले होते. आपल्याकडे तसं होतं असा माझा आरोप नाही. पण पकडण्यावर बक्षीस लावलं की कुणाला पकडायचं हा प्रश्न नियमाच्या हातात राहत नाही.

पुढच्या वेळी काउंटरवरच हातातली बॅगही काट्यावर ठेवा आणि तिला त्यांची पट्टी लावून मागा. औषधं पर्समध्ये घ्या. तरीही दारात अडवलं तर काटा आधी शून्यावर आहे का ते बघा. वजनावर पैसे घेतले जातात तो काटा पडताळलेला असायला हवा, भाजीवाल्याचा असतो तसाच. नापतौल विभागाचा शिक्का विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, मग ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यात ‘मलाच का’ एवढंच लिहून थांबू नका. त्या विमानाच्या दारात आणखी किती बॅगा मोजल्या, हे विचारा.

प्रश्न : वरचे कप्पे भरले म्हणून माझी सॅक दारातच घेऊन खाली सामानात टाकली. पॉवर बँक आत होती. चालतं का?
– एक विद्यार्थी, विजयनगर

उत्तर : अजिबात नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच हव्यात. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ती विझवायला माणसं असतात, खालच्या सामानात कुणी नसतं. सॅक हातातून द्यायच्या आधी पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं काढून घ्यायची. कर्मचारी घाई करत असले तरी मिनिटभर थांबवायचं. सॅक मापात असेल आणि केवळ जागा नाही म्हणून घेत असतील तर त्याचे पैसे देण्याचं कारण नाही. टॅगचा तुकडा मात्र मागून घ्या.