नाव ठेवण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सोमवारी मध्यरात्र उलटल्यावर दोन वाजता, म्हणजे तारखेने मंगळवारी, आम्हाला मुलगा झाला. पत्रिकेत आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण आणि अक्षर 'ङ' आले आहे. या अक्षराने नाव काय ठेवायचे? आणि बारावा दिवस कुठून मोजायचा? (सिडको)

उत्तर : ङ, ञ आणि ण या अक्षरांनी नावे सुरू होत नाहीत. म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज आणि ड घ्यावे, असे ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांतच सांगून ठेवले आहे. तुमच्या बाळाला 'ग' चालेल.

मात्र त्याआधी पत्रिकेत घातलेली जन्मवेळ एकदा पडताळून पाहा. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एक चरण सुमारे सहा तासांचा. मोबाइलवर पत्रिका काढताना रात्रीच्या दोनऐवजी दुपारचे दोन पडले, तर अक्षर दोन चरणांनी सरकते. तुमच्या बाबतीत तसे झाले असेल, तर 'ङ'च्या पुढे-मागे वेगळेच अक्षर निघेल. डिस्चार्ज कार्डावरची वेळ प्रमाण धरा. सिझेरियन असेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीतली वेळ मागून घ्या.

पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. म्हणून तुमचा पहिला दिवस सोमवार आणि बारावा पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. तारखेने मोजणारे नातेवाईक शनिवार सांगतील. गुरुजी शुक्रवार धरून आले आणि घरच्यांची तयारी शनिवारची, हा घोळ अशा मध्यरात्रीच्या जन्मांत हमखास होतो.

अक्षराचे एवढे दडपण घेण्याचेही कारण नाही. नामकरणाच्या विधीत चार नावे असतात : कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक (मार्गशीर्षात कृष्ण, पौषात अनंत, माघात अच्युत, श्रावणात वासुदेव, भाद्रपदात हरी), नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहाराचे. चरणाचे अक्षर फक्त तिसऱ्या नावासाठी लागते. शाळेत, बँकेत आणि हाक मारायला वापरायचे नाव कोणत्याही अक्षराचे ठेवा. अक्षर पाळायचेच म्हणून अर्थ नसलेले नाव शोधून काढण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

प्रश्न : घरात 'आरव' हे नाव जवळजवळ ठरले आहे. इंटरनेटवर त्याचा अर्थ 'शांत' असा दिला आहे. बारशाच्या निमंत्रण पत्रिकेवर तो छापावा का? (गंगापूर रोड)

उत्तर : नाव ठेवा, पण हा अर्थ छापू नका. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, नाद, आरोळी. 'रव' आपल्या ओळखीचा आहेच, पाखरांचा कलरव म्हणतो तोच. 'शांत' हा अर्थ त्याच्या थेट उलटा. पत्रिकेवर 'आरव, म्हणजे नाद' असे छापलेत तर बरोबरही होईल आणि शोभूनही दिसेल.

बाळांच्या नावांच्या याद्या एकीवरून दुसरीत उतरवलेल्या असतात. एकीत चूक झाली की ती सगळीकडे जाते. म्हणून कोणतेही नाव नक्की करण्याआधी त्याची फोड करून पाहा. श्रेयांस हे अकराव्या जैन तीर्थंकरांचे नाव. 'श्रेयस्' म्हणजे कल्याण, हे कोशात सापडते. 'रेयांश'ची फोड करायला गेलात तर 'अंश' सापडतो, पण 'रेय' असा शब्दच मिळत नाही. मग 'सूर्याचा अंश' वगैरे अर्थ कुणीतरी मागाहून चिकटवलेला, हे उघड आहे. नाद आवडला म्हणून असे नाव ठेवायला हरकत नाही, पण ते नादासाठी ठेवले असे सांगावे.

'अथर्व' म्हणजे गणपती, हा समजही असाच. अथर्वा हे प्राचीन ऋषीचे नाव, अथर्ववेदाशी जोडलेले. गणपती अथर्वशीर्ष घरोघर म्हटले जाते म्हणून हा अर्थ रूढ झाला. ऋषीचे नाव म्हणून सांगितले तरी ते तेवढेच मोठे आहे.

ऱ्हस्व-दीर्घाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. दिनेश म्हणजे दिवसाचा स्वामी, सूर्य. पहिली वेलांटी दीर्घ केली की 'दीनेश', म्हणजे दीनांचा नाथ. 'अनिश' म्हणजे अखंड, 'अनीश' म्हणजे ज्याच्यावर कोणी धनी नाही असा, पण त्याचाच दुसरा अर्थ असमर्थ. 'नील' इंग्रजीत लिहिताना दोन 'ई' घाला. एकच 'आय' घातला की वाचणाऱ्याला 'शून्य' दिसते.

पडताळायला वा. शि. आपटे यांचा संस्कृत कोश पुरेसा आहे. 1840 पासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात संदर्भ विभागाकडे विचारणा करा.

प्रश्न : मुलाचे नाव गोदाकाठाशी नाते सांगणारे असावे, अशी इच्छा आहे. राम आणि लक्ष्मण सोडून काही सुचवाल का? नावापुढे आईचेही नाव लावायचे आहे. (पंचवटी)

उत्तर : राघव, म्हणजे रघूच्या कुळातला. गौतम, ज्या ऋषींच्या तपाने गोदावरी ब्रह्मगिरीवर उतरली अशी कथा आहे, ते. गोदेला गौतमी म्हणतात ते त्यांच्यावरून. त्र्यंबक, म्हणजे तीन नेत्रांचा. हे नाव ठेवलेत तर इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच दिवशी पक्के करा, कारण गावाच्या नावाचे स्पेलिंगही 'टीआरआय' आणि 'टीआरवाय' असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते.

आमच्या मनात भरतात ती दोन नावे मात्र वेगळी आहेत : सौमित्र आणि आंजनेय. सौमित्र म्हणजे सुमित्रेचा मुलगा, लक्ष्मण. शूर्पणखेची कथा तपोवनाशी जोडलेली, त्यामुळे नाशिकला हे नाव घरचेच. आंजनेय म्हणजे अंजनीचा मुलगा. त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरी डोंगर हनुमानाचे जन्मस्थान मानला जातो. ही नावे आईवरून घडली आहेत. आईच्या नावातला पहिला स्वर वाढतो आणि मुलाचे नाव तयार होते : सुमित्रेचा सौमित्र, कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय.

आईच्या नावाने मुलाची ओळख सांगणे नाशिकला नवे नाही. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा आणि ज्याच्या कारकिर्दीत हा लेख कोरला तो नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. दोघांच्याही नावात आई आहे. एका रविवारी बाळाला घेऊन पायऱ्या चढाल तेव्हा तो लेख जरूर पाहा.

आजच्या नियमाबद्दल : 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने शाळेच्या आणि इतर शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. म्हणजे तुमची इच्छा नियमातच बसते. जन्मदाखल्यावर आईच्या नावाचा रकाना स्वतंत्र असतो. तिथे आधार कार्डावर आहे तेच नाव हवे.

प्रश्न : दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे. नाव घालायला किती मुदत असते? (नाशिकरोड)

उत्तर : रुग्णालयात जन्म झाला तर जन्माची नोंद 21 दिवसांत कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. नाव ठरले नसले तरी नोंद होते. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एवढे थांबू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. पासपोर्टलाही तोच.

पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. नोंद जन्म जिथे झाला त्या ठिकाणी होते. बाळ मालेगावला जन्मले असेल तर नाव घालायला नाशिक महापालिकेत खेपा घालून उपयोग नाही. माहेरच्या गावी रुग्णालयाच्या फाइलवर आईचे माहेरचे नाव लिहिले जाते, आधारवर सासरचे असते, आणि मग दाखला व आधार जुळत नाहीत. म्हणून प्रसूतीसाठी दाखल होतानाच आधारची प्रत द्या आणि फाइलवरचे नाव स्वतः वाचून घ्या.

शहरातल्या जन्मांसाठी महापालिकेच्या सहा विभागांपैकी रुग्णालय ज्या विभागात येते तिथे चौकशी करा. अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या असाव्यात. सोबत दोघांची आधार कार्डे, डिस्चार्ज कार्ड आणि कोऱ्या नावाचा दाखला न्या. नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत, एकेक अक्षर सुटे, मोठ्या ठशात लिहून द्या. नोंद छापण्याआधी पडद्यावर दाखवायला सांगा आणि कागदावर बोट ठेवून जुळवा. लेखनाची चूक दुरुस्त होते, पण नावच बदलायचे म्हटले तर ते सोपे राहत नाही. अंकशास्त्रासाठी स्पेलिंगमध्ये जादा अक्षरे घालणार असाल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : घालू नका. ते जादा अक्षर एखाद्या कागदावर राहते, एखाद्यावर गळते, आणि मुलाला पुढे प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

प्रश्न : बारसे दीड महिन्यांनी घरीच, पन्नास माणसांत करणार आहोत. काय काळजी घ्यावी? (इंदिरानगर)

उत्तर : दीड महिन्याला, म्हणजे सहाव्या आठवड्यात, लसी असतात. पेंटाव्हॅलेंट लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो आणि मांडी दुखते. बारसे लसीच्या आधी घ्या नाहीतर तीन-चार दिवस नंतर. लस पुढे ढकलू नका.

पाळण्यावरून-खालून आधी वरवंटा फिरवतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत. तो दोन-तीन किलोंचा असतो. कुंची घातली की गुळगुळीत होऊन हातातून सटकतो. तो फिरवेपर्यंत बाळ पाळण्यात नको. बाळ देता-घेताना दोन्ही बाजूंना एकेकच बाई असावी आणि मानेखाली हात हवा. हार-फुगे पाळण्याच्या बाहेरच्या बाजूला बांधा, टाचणी लावू नका.

नाव तांदळात अंगठीने लिहिणार असाल तर स्टीलच्या ताटात अक्षर उठत नाही. तांब्याचे किंवा पितळी ताट घ्या, घरात नसेल तर भांडीबाजारात मिळेल. अर्धा किलो तांदूळ पातळ पसरा. थर जाड झाला की तळ दिसत नाही आणि फोटोत नुसते चर उमटतात.

घुगऱ्यांसाठी पन्नास जणांना सव्वा किलो हरभरे पुरतात, शिजून दुप्पट होतात. रात्री भिजत घाला, थंडीत बारा तास. पाच लिटरच्या कुकरमध्ये एकदम कोंबू नका. फेस शिट्टीत अडकतो, म्हणून दोन खेपा करा. बोअरच्या जड पाण्यात हरभरे दडस राहतात. शिजवायला नळाचे पाणी घ्या.

बाळाला मध चाटवू नका, सोन्याच्या अंगठीनेही नाही. मधात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालच्या मुलाच्या आतड्यात ते वाढतात आणि स्नायू लुळे पडतात. घरातल्या आजींना हे आदल्या दिवशीच, नीट बसून सांगा.

प्रश्न : बाळाला सख्खी आत्या नाही. नाव कोणी ठेवायचे? (सातपूर)

उत्तर : वडिलांची चुलत, मावस, आते किंवा मामे बहीण आत्याच लागते. तीही येऊ शकत नसेल तर आजीने ठेवावे. कानात 'कुर्र' करताना तोंड कानाला टेकवू नये, हाताचा आडोसा करून हळू म्हणावे. सर्दी असेल तर मास्क लावावा. आणि आत्याच्या पाठीत गुद्दे पडतात तेव्हा बाळ तिच्या हातात नको, पाळण्यात असू द्या.