गाडी पडल्यापासून हँडल वाकडं दिसतंय, चेसी बेंड झाली असेल का?

तुमची स्प्लेंडर डाव्या अंगावर पडली, आता गाडी सरळ जाते पण हँडल उजवीकडे वळलेलं दिसतं, आणि गॅरेजवाल्याने काहीही न उघडता ‘चेसी गेली’ म्हणून सांगितलं. जरा थांबा. मलाही एका गॅरेजात हेच ऐकवलं होतं, चौदा हजारांचा आकडा सांगून. वरंध घाटात म्हैस आडवी आली होती. (म्हशीला काही झालं नाही.) शेवटी काम निघालं ते पाना आणि अर्ध्या तासाचं.

पुढचे दोन्ही शॉकॉप वरच्या आणि खालच्या टीमध्ये (हँडलखालच्या, दोन्ही शॉकॉप धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नुसते बोल्टवर आवळलेले असतात. चाकाला आडवा दणका बसला की दोन्ही टी एकमेकींच्या मानाने पिळतात. तुटत काहीच नाही, पण चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे बघतं.

खात्री करायला सपाट काचेचा तुकडा घ्या, कडा घासलेला. खालच्या टीच्या लगेच खाली दोन्ही चकचकीत पाइपांवर समोरून टेकवा. चारही कोपरे बसले तर पाइप समांतर आहेत. काच डुगडुगली तर पीळ आहे.

पीळ काढायला एक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट, दोन्ही टींचे बोल्ट थोडे ढिले करा. पूर्ण काढायचे नाहीत. समोर उभं राहून चाक गुडघ्यांत घट्ट पकडा आणि हँडलला उलट्या बाजूला झटका द्या. काच पुन्हा लावून बघा. बसली की आधी टीचे बोल्ट कसा, मग गाडी स्टँडवरून उतरवून शॉकॉप चार-पाच वेळा दाबा, आणि एक्सल शेवटी. माझ्या वेळी मी एक्सल आधी आवळला आणि सगळं परत खोलावं लागलं.

एवढं करूनही काच डुगडुगत असेल तर बहुधा पाइप वाकलाय. बाहेर काढून ओट्याच्या ग्रॅनाइटवर लोळवा, वाकडा असेल तर उड्या मारतो. लेथवाला प्रेसवर सरळ करून देतो, पण मी नवाच घालीन. सरळ केलेल्या पाइपाचं क्रोम तडकतं आणि मग ऑइल सील टिकत नाही.

कोनसेटही (हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग) बघून घ्या. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल दोन बोटांनी हळू फिरवा. बरोबर मध्यावर खटका लागला, तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. बदलायचा.

आता चेसी. टाकी उतरवा आणि हेड पाइपला (चेसीची पुढची नळी, जिच्यात हँडल फिरतं) नळ्या वेल्ड केल्यात तिथे टॉर्च मारा. रंगाला बारीक सुरकुत्या असतील किंवा पापुद्रा सुटून खालचं लोखंड दिसत असेल, तर गॅरेजवाला खरं बोलतोय. रंग शाबूत असला तरी दोरी लावा: मागच्या चाकाजवळच्या चेन ताणायच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करून मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी पुढपर्यंत ताणायची, मेन स्टँडला अडणार नाही इतक्या उंचीवर. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोरी आणि पुढच्या टायरमधलं अंतर दोन्हीकडे सारखं यायला हवं.

रंग फाटलेला दिसला तर गाडी घरापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला. आणि विम्याचा क्लेम करायचा असेल तर पाना लावायच्या आधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरला गाडी पडली तशीच बघायची असते.