पंधराशे रुपयांसाठी घराचा पत्ता बदलू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नवरा दीड वर्षापूर्वी घर सोडून गेला, घर सासऱ्यांच्या नावावर, पदरात दोन मुलं, संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज अडकलेला आणि आता सासरे घर विकायचं म्हणताहेत. पण माझी नजर अडकली ती एका वाक्यावर. सरकारी खिडकीतून तुम्हाला सांगितलं गेलं, "नवऱ्याच्या घरात राहता तर परित्यक्ता (नवऱ्याने टाकलेल्या) कशा? आधी माहेरचा पत्ता लावून आणा."

तेवढं करू नका. बाकी अर्ज कुठे करायचा, कोणकोणत्या झेरॉक्स जोडायच्या, हे सेतूवाला सांगेल.

हाच सल्ला असाच खिडकीतून मलाही मिळाला होता आणि मी तो निमूट ऐकला. आधारवर माहेरचा पत्ता, रेशनकार्डातून नाव कमी आणि शंभराच्या स्टॅम्पवर "मी वडिलांकडे राहते" असं शपथपत्र. पेन्शन सुरू झाली. पुढे घराची केस उभी राहिली तेव्हा समोरच्या वकिलाने तेच शपथपत्र पुढे केलं. बाई स्वखुशीने गेल्या, सही त्यांचीच! सल्ला देणाऱ्याची सही कुठेच नव्हती.

हे महाग का पडतं ते नीट समजून घ्या. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १७ ने बाईला सामाईक घरात, म्हणजे कुटुंब म्हणून ती जिथे राहते किंवा राहिली आहे त्या घरात, राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. घर सासऱ्यांचं असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सांगितलंय. पत्ता बदलला म्हणून हा हक्क बुडत नाही. पण राहत्या बाईला हुसकू नका, असा आदेश मिळवणं वेगळं आणि कुलूप बदललेल्या घरात परत शिरण्याचा आदेश मिळवणं वेगळं. पहिल्यात ताबा तुमचा असतो. दुसऱ्यात तुम्ही दाराबाहेर पिशवी घेऊन उभ्या असता आणि तारखा पडत राहतात.

आता निराधारचं. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता, घटस्फोटित आणि घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या बायकाही बसतात. नवऱ्यासोबत राहत नाही, हे दाखवायचं असतं. घर कुणी सोडलं, हा त्यातला प्रश्नच नाही! म्हणून शपथपत्रात साधारण असं लिहून घ्या: "माझे पती अमुक तारखेपासून घर सोडून अन्यत्र राहतात. ते माझा व मुलांचा खर्च देत नाहीत. मी मुलांसह आजही याच घरी, मिळकत क्रमांक अमुक, येथे राहते." शेवटचं वाक्य गाळू देऊ नका. टायपिस्टकडे तयार मजकूर असतो, त्यात बहुतेक वेळा "माहेरी राहते" हेच छापलेलं असतं. वाचल्याशिवाय सही नाही. तलाठी किंवा ग्रामसेवक दाखला देतील त्यातही हीच वाक्यरचना मागा.

तरी खिडकी ऐकत नसेल तर अर्ज आवक करून घ्या, शिक्का आणि आवक क्रमांक आपल्या प्रतीवर. तोंडी नकार हा नकार नसतो. महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: माझ्या अर्जाची सद्यःस्थिती काय, त्रुटी कोणती, ती कोणत्या शासन निर्णयानुसार? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पत्ता बदलायला लावणारा नियम लेखी दाखवा म्हटलं की आवाज खाली येतो. (बीपीएल यादीत असाल तर ते दहा रुपयेही लागत नाहीत.)

उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र लक्ष ठेवा. कुटुंबाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव असेल तर त्याची कमाई धरली जाते आणि अर्ज तिथेच अडकतो. उपाय असा की तुमचं नाव काढायचं नाही, त्याचं काढायचं. तो वेगळा राहतो याचा पंचनामा किंवा तलाठ्याचा दाखला जोडून पुरवठा शाखेत अर्ज करा, पत्ता तोच ठेवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचंच नाव धरलंय, हे तिथे आठवण करून द्यायला हरकत नाही.

लाडकी बहीणचंही विचारलंय तुम्ही. निराधारचे १,५०० मिळत असतील तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत, दोन्ही एकदम घेण्याचा नाद सोडा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, ते खातं नवऱ्यासोबतचं जॉइंट असेल तर पैसे त्याच्या हातात. आधी स्वतःचं खातं उघडा आणि बँकेत आधार त्याच खात्याला मॅप झालंय ना, म्हणजे सरकारी पैसे त्यातच येतील ना, ते स्पष्ट विचारा. पासबुकात आधार नंबर छापून आला म्हणजे मॅपिंग झालं असं नाही.

पोटगीबद्दल एक कटू गोष्ट. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. कोर्टाने तुम्हाला तीन हजार पोटगी लावली आणि ती खरोखर मिळायला लागली, तर निराधार बंद होणार. म्हणून पोटगी मागायची नाही? असं अजिबात नाही, मागाच. आणि मिळायला लागली की कळवा. लपवलं तर वसुली लागते. पेन्शनसाठी पोटगी सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता घर विकण्याचं. नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) आजच काढून ठेवा. घरकुल असेल तर मंजुरीचा आदेश बघा, प्रधानमंत्री आवासमध्ये बहुतेक वेळा बाईचं नाव एकटं किंवा जोडीने असतं आणि तिलाच ते माहीत नसतं. ग्रामपंचायतीत हरकत अर्ज द्या, पण त्यावर विसंबू नका. दुय्यम निबंधक तुमच्या पत्रावर खरेदीखत थांबवत नाही, त्याला कोर्टाचा मनाई हुकूम लागतो.

तो मिळतो कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्याच कलम १९ खाली. अर्ज कलम १२ चा, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, संरक्षण अधिकाऱ्यांमार्फतही देता येतो. "मारहाण नाही, मग हिंसाचार कसला?" असं कुणी म्हटलं तर कलम ३ मध्ये आर्थिक छळही आहे: खर्च न देणं, घराचा वापर बंद करणं. घर सासऱ्यांचं आहे, तेव्हा त्यांनाही गैरअर्जदार करा, म्हणजे अर्ज त्यांच्याविरुद्धही करा. फक्त नवऱ्याला केलंत तर विक्रीची मनाई नवऱ्याला, आणि सही करणार सासरे! मागणीत दोन गोष्टी स्वतंत्र लिहा: ताब्याला अडथळा करू नये, आणि घर विकू, गहाण टाकू नये. मिळकत क्रमांक आणि चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते) टाकाच, नुसतं "राहतं घर" लिहिलं तर उद्या दुसऱ्याच खोलीवर बोट ठेवतील. कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश मिळू शकतो, तुमच्या शपथपत्रावर. आदेशाची प्रत मोफत मिळते, एक पोलीस ठाण्यात पोचवा, एक दुय्यम निबंधकांकडे द्या.

सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाऊन तुम्हाला बाहेर काढा म्हणू शकतात. ती नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, सुनावणीला जा. २०२० मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्या कायद्याने सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट पुसता येत नाही. पण हजर राहिला नाहीत तर निकाल एकतर्फी होईल. हेही खरं की म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचा त्रास बघून कोर्ट कधीकधी त्याच घराऐवजी दुसरी सोय किंवा भाडं द्यायला लावतं. आणि हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. घर तुमच्या नावावर होईल असं सांगणाऱ्या वकिलाला फी देऊ नका.

फीवरून आठवलं, तुम्हाला वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अटच नाही. तालुक्याच्या कोर्टातच समिती असते, हेल्पलाइन १५१००.

मी वकील नाही. कागद बघितल्याशिवाय यापुढचं सांगणं बरोबर नाही, तेव्हा वरचं सगळं त्या वकिलासमोर ठेवून तपासून घ्या. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कागद आले तर "घरावरील सर्व हक्क सोडले" ही ओळ शोधा, ती साधारण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दडवलेली असते. आणि लाइटबिल, घरपट्टी भरत राहा, पावतीवर भरणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहून घ्या. त्याने मालकी येत नाही, पण त्या तारखेला तुम्ही घरात होता हे दिसतं.