दाखल्याची वाट पाहत तिसरीचे वर्ष घालवावे का?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकते. तिचे वय साडेआठ वर्षे आहे. घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब ती तोंडी सांगते, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण पुस्तक समोर आले की अडते. ‘घर’ला ‘धर’ वाचते, ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांतला फरक तिच्या लक्षात येत नाही, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळीच्या ओळी सुटतात. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असावी अशी शंका गुरुजींनी बोलून दाखवली. मात्र तसा वैद्यकीय दाखला आणल्याशिवाय शाळेला काही करता येणार नाही, असेही सांगितले. तपासणीसाठी तीन हेलपाटे झाले, तारीख पुढेच जाते आहे. दाखल्यावर ‘दिव्यांग’ असे लागले तर मुलीचे पुढे नुकसान होईल, असे सासूबाईंना वाटते. आम्ही काय करावे?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रात दोन कामे एकमेकांत गुंतली आहेत. मुलीला शिकवण्याची पद्धत बदलणे हे एक काम आणि दाखला मिळवणे हे दुसरे. दुसरे रखडले म्हणून पहिले थांबवण्याचे काहीही कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि शासनाने व स्थानिक प्राधिकरणांनी आपल्या शाळांकडून काय करून घ्यावे, हे त्याच्या कलम १६ मध्ये सांगितले आहे. मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी अध्यापनाचे व इतर योग्य उपाय योजावेत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी आधी दाखला हवा, अशी अट त्या कलमात नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर या अक्षमतेचा दाखला मुलाला आठ वर्षे पूर्ण होण्याआधी मिळतच नसे, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागत असे; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. मग पहिली-दुसरीतल्या मुलांना शाळेने तसेच बसवून ठेवायचे का?

सर्वांत आधी मुलीचे डोळे आणि कान तपासून घ्या. हे सोपे काम अनेकदा राहून जाते आणि चष्म्याने सुटणारी अडचण दोन-दोन वर्षे ‘अभ्यासात लक्ष नाही’ या नावाखाली दडून राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा तिची अडचण त्यांच्या नजरेस आणून द्या. पुढील तपासणीसाठी ते जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवू शकतात.

दोन्ही ठीक असतील, तर ती नेमकी कुठे अडते ते पाहावे लागेल. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, असे आपण म्हणतो खरे. पण वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी ते पूर्ण खरे नाही. ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘र’ तर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये पायाशी जातो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी वेगळा दिसतो. घ-ध, भ-म, थ-य यांत एखाद्या गाठीचा किंवा रेघेचाच फरक असतो. बहुतेक मुले हे आपोआप उचलतात. तुमच्या मुलीसारख्यांना ते एकेक करून, हात धरून शिकवावे लागते. म्हणून घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्यावा. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवत तिने त्याचा आवाज मोठ्याने म्हणावा. शब्द टाळ्या वाजवून तोडावा : पा-ण-कों-ब-डी, पाच टाळ्या. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांची चिठ्ठ्यांची जोडी करून रोज तीच पाच मिनिटे खेळावी. घरी वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. त्याने चूकच पक्की होते आणि मूल वहीला घाबरू लागते. धड्यातली गोष्ट तुम्ही तिला वाचून दाखवा, कारण वाचन मागे पडले म्हणून तिची समज आणि शब्दसंपत्तीही मागे पडू देणे हा तिच्यावर अन्याय होईल.

शाळेकडे लेखी अर्ज करा. तो मुख्याध्यापकांच्या नावे असावा, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेअंतर्गत तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांनी शाळेला भेट द्यावी आणि वर्गशिक्षकांसह मुलीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा, एवढी एकच मागणी अर्जात स्पष्ट लिहा. मात्र या शिक्षकांकडे पुष्कळ शाळा असतात. रोजचे शिकवणे गुरुजींच्याच हातून होणार आहे, म्हणून भेटीच्या वेळी कसे शिकवायचे ते त्यांना प्रत्यक्ष करून दाखवावे, असा आग्रह धरा. तुमच्या मुलीसाठी वेगळी शाळा शोधण्याची गरज मला दिसत नाही.

दाखल्याचा पाठपुरावाही सोडू नका. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि पुढे दहावीच्या सवलती यांसाठी तो लागतोच. सासूबाईंची काळजी मी समजू शकते. त्यांना एवढेच सांगा की, दाखला कुठे दाखवायचा हे आपल्या हातात असते, पण वर्गात एकदा ‘ढ’ म्हणून हाक पडली की ती मुलीच्या मनातून काढणे फार अवघड जाते. मी अशा मुलांबरोबर काम करते आणि पाचवीत येईपर्यंत स्वतःलाच ‘मला येत नाही’ असे सांगू लागलेली मुले रोज पाहते.

प्रश्न : मी चौथीचा वर्गशिक्षक आहे. लिहिण्यात अडणाऱ्या एका मुलाची तोंडी परीक्षा घेतली, तर इतर पालक तक्रार करतील का?
— एक शिक्षक

उत्तर : सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची २०१० पासूनची पद्धत पाहा. त्यात तिसरी-चौथीसाठी ६० टक्के भार आकारिक, म्हणजे शिकवता-शिकवता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाला आहे आणि तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही त्याचीच साधने आहेत. म्हणजे तुम्ही कोणाला वेगळी सूट देत नसून नियमात असलेलेच साधन वापरत आहात. परिसर अभ्यासापासून सुरुवात करा, मुलाने काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत नोंदवहीत उतरवा आणि तारीख घाला. कोणी विचारले तर ती नोंद पुढे ठेवा.