व्हाइट सॉक्सच्या नव्या चाहत्यासाठी

संघाच्या पडत्या काळात तुम्ही शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या बाजूने उभे राहिलात, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढं सांभाळा:

- एका पराभवावरून मत बनवू नका. हंगामात 162 सामने असतात. क्रिकेटच्या सवयीने प्रत्येक सामना फायनलसारखा बघितलात तर मे महिन्यातच दमाल.

- सगळं खापर मॅनेजरवर, म्हणजे बेसबॉलमधल्या मुख्य प्रशिक्षकावर, फोडू नका. नवे चाहते हमखास हेच करतात. 2024 मध्ये सलग 21 पराभवांनंतर पेड्रो ग्रिफोलला काढलं, तरी हंगाम 41 विजय, 121 पराभवांवर संपला. दुखणं वरच्या व्यवस्थापनात आहे. 2021 मध्ये 93 सामने जिंकणाऱ्या संघामागे दुसरी फळी तयारच केली नव्हती. 2023 मध्ये संघबांधणी बघणारे वरिष्ठ अधिकारी रिक हान आणि केनी विल्यम्स यांना घालवलं, पण बाहेर शोध न घेता आतल्याच ख्रिस गेट्झना बसवलं. मला ते आजही पटत नाही.

- चांगला पिचर (चेंडू टाकणारा) दुसऱ्या संघाकडे गेला की लगेच चिडू नका. पिचर गॅरेट क्रोशेच्या बदल्यात बॉस्टन रेड सॉक्स संघाकडून काइल टील, चेस माइड्रॉथ मिळाले. अशा पोरांना वेळ द्यावाच लागतो.

बाकी आकडेमोड सध्या राहू द्या. आपला बॅटर स्ट्राइक झोनबाहेरचा (फटक्यासाठी योग्य मानलेल्या पट्ट्याबाहेरचा) चेंडू सोडतो की त्यावर बॅट फिरवतो, तेवढं बघत जा.