कंपवातावर कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाची कॅप्सूल द्यावी का?

वडिलांना कंपवात आहे, जेलीफिशमधलं कॅल्शियम धरणारं प्रथिन कॅप्सूलमधून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी देणार नाही. अमळनेरला जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला आणि आमच्या अण्णांनाही हाच आजार होता. ओळखू आला तो सहीवरून. पैसे काढायच्या स्लिपवर सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली, कॅशियरने दोनदा स्लिप परत केली.

मेंदूतल्या पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा साधारण १०,००० पट मोकळं कॅल्शियम असतं. पेशी कामाला लागली की दारं उघडतात आणि ते आत घुसतं. आत रेंगाळलं तर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, थकतात, प्रथिनं कापणारी एन्झाइमं जागी होतात, पेशी आतून कुरतडली जाते. आपल्याकडची काळी जमीन पहिली सर पिऊन घेते, मुरमाड रानात मात्र लगेच ओहोळ लागतात, बघा. कॅल्बिंडिन, पार्व्हाल्ब्युमिन ही प्रथिनं म्हणजे पेशीतली काळी जमीन. आलेलं कॅल्शियम ती धरतात, मग पंप ते सावकाश बाहेर उपसतात.

कंपवातात मेंदूच्या सब्स्टन्शिया नायग्रा या भागातल्या, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, पण सगळ्या सारख्या मरत नाहीत. कॅल्बिंडिनवाल्या बऱ्याच तगतात. तरी गणित एवढं सरळ नाही. पेशीत शिरणारं कॅल्शियम कमी करायला इस्राडिपिन हे रक्तदाबाचं औषध ३३६ रुग्णांवर तीन वर्षं तपासलं. आजार काही मंदावला नाही.

आणि हे प्रथिन काम करतं ते पेशीने स्वतः आत बनवलेलं असतं म्हणून. जेलीफिशचं गिळलं तर पोटात त्याचं तेच होतं, जे तुरीच्या वरणाचं होतं, पचून तुकडे. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा याच्याशी संबंध नाही, घाबरून बंद करू नका.

त्यापेक्षा लेव्होडोपा ही कंपवाताची गोळी चालू असेल तर तिची वेळ सांभाळा. आतड्यातून रक्तात जाताना प्रथिनं तिच्या वाटेत येतात. आम्ही कित्येक महिने ती कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी नि घट्ट डाळीसोबतच देत होतो आणि गोळी लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांना बोल लावत होतो. त्यांनी जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगितली. आठवड्याभरात अण्णा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, वरचं एक सोडून.